उमेदवार गप्प बसला, तर तक्त्यात काय लिहायचं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. उभ्या रांगेत विधानसभेचे उमेदवार, आडव्या ओळीत धोरणाचे प्रश्न: पाणीवाटप, जुनी पेन्शन, कर्जमाफी, शाळांचं खासगीकरण वगैरे. उमेदवार प्रश्नाच्या बाजूने असेल तर +१, विरोधात असेल तर −१. आणि काहीच बोलला नसेल तर ०. एमएस्सी संख्याशास्त्रात झालेली, त्यामुळे तक्ता भरला की लगेच सरासरी काढायची सवय. सरासरी काढली, तर जवळजवळ सगळे प्रश्न शून्याच्या आसपास. मी आनंदाने निष्कर्ष लिहून टाकला: आपले उमेदवार टोकाच्या भूमिका घेत नाहीत, ते मध्यममार्गी आहेत.

मॅडमनी तक्ता उघडला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "इथे शून्य आहे. हे त्यांनी कुठे सांगितलं?"

"सांगितलं नाही मॅडम, ते या विषयावर बोललेच नाहीत."

"मग शून्य कुठून आलं?"

शून्य मी आणलं होतं. त्या तक्त्यातले निम्म्याहून जास्त रकाने माझ्या शून्यांनी भरले होते, आणि माझा निष्कर्ष उमेदवारांबद्दल नव्हताच, तो माझ्या शून्यांबद्दल होता. हे सगळं आठवड्याभराने विभागातल्या सेमिनारमध्ये मांडायचं होतं. मांडलं असतं तर बहुधा कुणी हरकतही घेतली नसती, कारण 'मध्यममार्गी' हे ऐकायला बरं वाटतं.

तुमच्यापैकी जे राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा माझ्यासारखे संख्याशास्त्रातून येऊन राजकीय डेटावर काम करायचं म्हणताय, त्यांच्या प्रपोजलमध्ये 'उमेदवारांच्या धोरणात्मक भूमिकांचा अभ्यास' असं एक वाक्य हमखास असतं. वाक्य सोपं आहे. पण भूमिका नावाची वस्तू कुठे तयार पडलेली नसते, ती आपल्याला कशावरून तरी ओळखावी लागते. आणि ती कशावरून ओळखायची हे ठरवतानाच निम्मा प्रबंध ठरून जातो.

आधी साधी गोष्ट. उमेदवाराबद्दल सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे अर्जासोबतचं शपथपत्र, फॉर्म २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर मतदाराला ही माहिती मिळायला लागली: गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. एडीआरच्या मायनेता साइटवर ती नीट लावलेली मिळते, म्हणून नवे संशोधक तिथूनच सुरू करतात. पण त्या शपथपत्रात धोरणाबद्दल एक अक्षर नसतं. उमेदवाराकडे किती तोळे सोनं आहे हे कळतं, पाणीवाटपाबद्दल त्याचं मत काय हे कळत नाही.

मग भाषणं, मुलाखती, पत्रकं. इथे पहिली अडचण म्हणजे उमेदवार जे बोलतो त्यातलं बरंचसं असं असतं की त्याच्या विरुद्ध कुणी बोलूच शकत नाही. रस्ते चांगले झाले पाहिजेत, तरुणांना रोजगार मिळाला पाहिजे, भ्रष्टाचार संपला पाहिजे. डोनाल्ड स्टोक्स यांनी १९६३ मध्येच हा फरक मांडला होता: काही मुद्द्यांवर लोकांच्या दोन बाजू असतात, आणि काही मुद्द्यांवर सगळ्यांची एकच बाजू असते, भांडण फक्त 'हे कोण करून दाखवेल' एवढंच असतं. दुसऱ्या प्रकारचे मुद्दे तक्त्यात घेतले तर सगळीकडे +१ येतो आणि व्हेरिएबल मरतं. म्हणून मुद्दा निवडताना स्वतःला विचारा: याला 'हो' म्हटलं तर कुणाचं काय जातं? कुणाचंच काही जात नसेल तर तो मुद्दा सोडा.

दुसरी अडचण सातव्या अनुसूचीची. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी आणली आणि नाशिक पट्ट्यात पुढचे कित्येक महिने प्रत्येक नेता त्यावर बोलत होता. पण निर्यात हा केंद्राचा विषय. आमदार त्यावर बोलू शकतो, ठराव मागू शकतो, निर्णय घेऊ शकत नाही. शेती, पाणी, पोलीस, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याचे विषय. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं. ज्या विषयावर उमेदवाराला निवडून आल्यावर काही करता येणार नाही, तिथे भूमिका घेणं स्वस्त पडतं. असे विषय अभ्यासातून काढाच असं नाही, पण ते वेगळ्या रकान्यात ठेवा, पाणीवाटपाशेजारी एकाच वजनाने नको.

पाणीवाटपाचं उदाहरण मी सारखं घेतेय त्याला कारण आहे. पैठणचं जायकवाडी धरण भरलं नाही की वरच्या दारणा, गंगापूर, भंडारदरा, निळवंडे, मुळा या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, हा वाद जवळजवळ प्रत्येक तुटीच्या वर्षी होतो. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. मेंढेगिरी समितीने नियम सुचवला की ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा नाशिक आणि नगरच्या बाजूने विरोध झाला आणि मराठवाड्यातून 'आदेश निघाला तर पाणी लवकर सोडा' म्हणून आंदोलनं झाली.

यात अभ्यासकासाठी गंमत ही की इथे पक्षाचा रंग जवळजवळ उतरतो. एकाच पक्षाचे दोन नेते, एक कोपरगाव-निफाडच्या कालव्यांवरचा आणि एक पैठण-जालन्याकडचा, एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. आणि ज्या पक्षाला दोन्हीकडे जागा हव्यात त्याचा राज्यपातळीवरचा नेता काय करतो? 'दोन्ही बाजूंना न्याय मिळाला पाहिजे', किंवा 'पश्चिमेला समुद्रात जाणारं पाणी गोदावरी खोऱ्यात वळवू'. म्हणजे वाटपाच्या प्रश्नाला उत्तर न देता पाणी वाढवायच्या प्रश्नाला उत्तर. माझ्या पहिल्या तक्त्यात अशा सगळ्यांना शून्य मिळालं होतं. म्हणजे ज्याला खरोखर दोन्ही बाजूंचं पटतं तो, जो प्रश्न चुकवतो तो, आणि ज्याचं वर्तमानपत्रात नावच आलं नाही तो, असे तिघेही माझ्या लेखी एकच.

आता अमेरिकेत हे काम कसं करतात ते थोडं सांगते, कारण तुम्ही वाचाल ते बहुतेक शोधनिबंध तिथलेच असतील आणि त्यांची पद्धत उचलून इथे आणायचा मोह होतोच.

तिथे दोन सोयी आहेत. एक म्हणजे नोंदवलेलं मतदान. सभागृहात कोणत्या विधेयकावर कुणी काय मत दिलं याची नावानिशी यादी असते, आणि सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो. पूल आणि रोझेन्थल यांनी या याद्यांवरून प्रत्येक सदस्य कुठे उभा आहे हे मोजायची नॉमिनेट नावाची पद्धत बसवली. दुसरी सोय प्रश्नावली. व्होट स्मार्ट नावाची संस्था राज्यांच्या विधिमंडळांच्या उमेदवारांनाही लेखी प्रश्न पाठवते. त्यातले जुने प्रश्न मला फार आवडतात, कारण ते पळवाट ठेवत नव्हते. 'शिक्षणाला तुमचा पाठिंबा आहे का' असं नाही, तर अमुक खात्याचा खर्च खूप वाढवाल, थोडा वाढवाल, तेवढाच ठेवाल, थोडा कमी कराल, खूप कमी कराल की बंदच कराल? शोर आणि मॅकार्टी यांनी २०११ मध्ये ही उत्तरं आणि पन्नासही राज्यांतलं नोंदवलेलं मतदान जोडून राज्यांचे आमदार एकमेकांशी आणि काँग्रेसच्या सदस्यांशी तुलना करण्याजोग्या एकाच मापावर आणले. एकाच राज्यातल्या मतदानावरून दुसऱ्या राज्याशी तुलना होत नव्हती, कारण विधेयकं वेगळी. प्रश्नावलीने तो पूल बांधला.

पण तिथेही उत्तर देणारे उमेदवार पुढे घटत गेले. कारण सरळ आहे. लेखी उत्तर म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाहिरातीचा मसाला. म्हणून प्रचाराचे सल्लागारच सांगायला लागले की फॉर्म भरू नका. म्हणजे गप्प बसणं हा निव्वळ आळस नाही, तो बऱ्याचदा विचार करून घेतलेला निर्णय असतो. हे वाचलं तेव्हा माझी शून्यं मला आणखीच टोचायला लागली.

आपल्याकडे पहिली सोय जवळजवळ नाहीच. विधेयकं बहुतेक आवाजी मतदानाने होतात, त्यामुळे कुणी काय मत दिलं याची नोंद राहत नाही. आणि १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, तेव्हापासून पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. तेव्हा मत नोंदवलं गेलं तरी ते पक्षाचं मत म्हणूनच वाचावं लागतं. तुमच्या प्रपोजलमध्ये 'आमदारांच्या मतदानाचं विश्लेषण' असं लिहिलेलं असेल तर आधी हे तपासा की असा डेटा खरंच अस्तित्वात आहे का. मी लिहिलं होतं आणि मला ते खोडावं लागलं.

जाहीरनामा मिळतो, पण तो पक्षाचा किंवा आघाडीचा. त्याचं मोजमाप करायच्या पद्धती जुन्या आहेत. मॅनिफेस्टो प्रोजेक्ट जाहीरनाम्याच्या वाक्यांचे अर्थपूर्ण तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याला ठरावीक यादीतला एक विषय देतो आणि पक्ष कशावर किती बोलला ते मोजतो. आपल्याकडे यात एक वेगळीच पंचाईत होते. २० नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये २१०० करू म्हटलं आणि महाविकास आघाडीने महिलांना ३००० देऊ म्हटलं. कर्जमाफीचं आश्वासन दोन्हीकडे. 'महिलांना थेट रोख मदत द्यावी का' असा हो-नाहीचा रकाना केला तर दोन्ही बाजूंना +१, आणि तुमचं मॉडेल म्हणेल की यांच्यात फरक नाही. फरक पाहायचा तर पैसे कुठून येणार, कोणता खर्च कमी होणार, अटी काय, हे विचारावं लागतं. २०१३ च्या बालाजी खटल्यातल्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्याचा भाग घातला, त्यात आश्वासनामागचं कारण आणि पैशाची सोय सांगावी अशी अपेक्षा आहे. जाहीरनामे वाचताना तो भाग शोधा. सापडला तर मला कळवा.

एकेका आमदाराचं स्वतःचं काही दिसतं ते मुख्यतः प्रश्नांत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय विधेयक. इथे पक्षाच्या आदेशाची छाया कमी असते आणि कुठल्या विषयाला आपला मर्यादित वेळ द्यायचा हे आमदार बऱ्यापैकी स्वतः ठरवतो. लोकसभेच्या प्रश्नांचा डेटा अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरने लावून ठेवलाय, हात बसवायला तो उत्तम. मुंबईच्या आमदारांची प्रगतिपुस्तकं प्रजा फाउंडेशन काढतं, त्यात प्रश्नांची संख्या आणि विषय दोन्ही असतात. पण संख्या म्हणजे भूमिका नव्हे. 'जायकवाडीला पाणी सोडण्याबाबत' या एकाच शीर्षकाचा प्रश्न 'का सोडलं' म्हणूनही येतो आणि 'का सोडलं नाही' म्हणूनही. शीर्षकावर थांबू नका, पूर्ण प्रश्न वाचा. हे कंटाळवाणं काम आहे आणि याला शॉर्टकट नाही.

शिवाय मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तर देतात. मंत्र्याच्या नावापुढे शून्य प्रश्न दिसले म्हणून त्याला त्या विषयात रस नाही असं म्हणणं म्हणजे अंपायरने एकही धाव काढली नाही म्हणण्यासारखं. आणि पहिल्यांदा उभा राहिलेला उमेदवार तर सभागृहात कधी गेलेलाच नसतो. त्याच्यासाठी हा सगळा स्रोतच बंद.

राहिलं बोलणं, आणि बोलण्याचं कोडिंग. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुनी योजना नाही, ती मिळावी ही मागणी. त्यावर एखादा नेता म्हणतो, 'आम्ही कर्मचाऱ्यांच्या पाठीशी ठामपणे उभे आहोत.' हा +१ का? मी दिला होता. माझ्या मैत्रिणीने तीच वाक्यं वेगळी बसून तपासली, तिने दिला नाही. तिचं म्हणणं, पाठीशी उभं राहणं आणि जुनी योजना लागू करणं यात राज्याच्या तिजोरीएवढं अंतर आहे. तिचं बरोबर होतं.

म्हणून दोन माणसांनी एकमेकांचं न बघता कोडिंग करायचं आणि किती जुळतं ते मोजायचं. इथे नुसती टक्केवारी फसवते. समजा १०० विधानं आहेत, दोघांनीही प्रत्येकी ८० ना 'पाठिंबा' आणि २० ना 'पाठिंबा नाही' असं दिलं, आणि ८० ठिकाणी दोघांचं जुळलं. ८० टक्के म्हणजे छानच की! पण दोघांनी डोळे मिटून त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी ०.८ × ०.८ अधिक ०.२ × ०.२, म्हणजे ६८ टक्के आपोआप जुळलं असतं. कोहेनचा कप्पा हा योगायोग वजा करतो: (०.८० − ०.६८) भागिले (१ − ०.६८), उत्तर ०.३७५. हे काही फार अभिमानाने सांगण्यासारखं नाही. आमचा पहिला कप्पा याहून वाईट होता. मग आम्ही नियम लिहिला: कृती, कायदा, रक्कम किंवा मुदत यापैकी एकाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच पाठिंबा किंवा विरोध, नुसती सहानुभूती असेल तर वेगळा शिक्का. नियम लिहिल्यावर जुळणी सुधारली, पण रकाने अजून रिकामे झाले.

आणि परत तोच प्रश्न. रिकाम्या रकान्याचं काय करायचं?

डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये गहाळ डेटाचे प्रकार पाडले, ते आपल्या भाषेत असे. वाचनालयातल्या फाइलचं एक पान फाटलंय म्हणून मुलाखत सापडली नाही: हा निव्वळ योगायोग, फार बिघडत नाही. लहान पक्षांच्या आणि अपक्ष उमेदवारांना वर्तमानपत्रं जागाच देत नाहीत: इथे गहाळ असण्याचं कारण आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीत आहे, तेव्हा पक्ष, मतदारसंघ वगैरे धरून काही दुरुस्ती करता येते. आणि तिसरा, उमेदवार गप्प आहे कारण खरं उत्तर दिलं तर मतं जातील. इथे गहाळ असण्याचं कारण त्या लपवलेल्या उत्तरातच आहे. याला कुठलंही सॉफ्टवेअर जादूने भरून देत नाही, आणि जायकवाडीसारख्या प्रश्नात गप्प बसणाऱ्यांचा मोठा वाटा याच प्रकारचा असणार, असं मला वाटतं.

छोटा हिशोब करा. १० उमेदवार, प्रश्न: नियमाप्रमाणे वरून पाणी सोडावं का? ४ हो, १ नाही, ५ गप्प. गप्पांना शून्य दिलं तर सरासरी ०.३. त्यांना वगळलं तर ०.६. सगळे गप्प आतून विरोधात असतील तर −०.२, सगळे बाजूने असतील तर ०.८. चार्ल्स मॅन्स्की यांचं म्हणणं असं की अशा वेळी एकच आकडा सांगू नका, −०.२ ते ०.८ ही पूर्ण पट्टी सांगा, आणि मग ती अरुंद करायला कोणती गृहीतकं लागतात ती एकेक करून मांडा. माझं ०.३ त्या पट्टीत बसत होतं, पण ते तिथे का आहे याचं उत्तर माझ्याकडे 'एक्सेलमध्ये रकाना रिकामा चांगला दिसत नाही' याहून वेगळं नव्हतं.

सेमिनार मी दोन महिने पुढे ढकलला. आता माझ्या तक्त्यात प्रत्येक प्रश्नाला एका रकान्याऐवजी चार रकाने आहेत: काय म्हटलं, कुठे आणि कोणत्या तारखेला म्हटलं, विचारलं गेलं होतं का, आणि बोलायची संधी होती का. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण त्यासाठी मुलाखती नुसत्या वाचून चालत नाही, पत्रकाराने प्रश्न टाकला होता आणि उत्तर दुसऱ्याच विषयाचं आलं, हे ऐकावं लागतं. पण त्यामुळे 'विचारलं, संधी होती, तरी उत्तर नाही' असा एक गट वेगळा निघाला. नियम वापरून तो गट बाजूला काढल्यावर त्यातले बरेच मतदारसंघ नकाशावर पाहिले. माझ्या नमुन्यात ते बहुतेक खोऱ्याच्या मधल्या पट्ट्यात आहेत, जिथल्या मतदाराचं शेत वरच्या कालव्यावर आणि सोयरीक खालच्या तालुक्यात असते. हे नमुन्यापुरतंच आहे, त्यावरून अजून काही ठरवलेलं नाही. पुढच्या प्रकरणाचा प्रश्न मात्र तिथून मिळाला.